शाळा सुटल्यानंतरचं रडू

शाळेत दिवसभर शहाण्यासारखं वागलेलं मूल घरी आल्यावर का बिथरतं, या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे : लाडावलंय. शेजारीण हेच सांगते, सासू हेच सांगते. शाळेतल्या बाई तसं तोंडावर म्हणत नाहीत, पण "आमच्याकडे तर अगदी गुणी असतो हो" एवढं म्हणतात आणि त्या वाक्याचा न बोललेला अर्धा भाग आईला बरोबर ऐकू जातो. आमच्याकडे गुणी आहे, म्हणजे बिघाड तुमच्याकडे.

मी भाईंदर पूर्वेला शाळेनंतरचं पाळणाघर चालवते. तीन ते नऊ वर्षांची मुलं येतात. शाळेची व्हॅन त्यांना सोडून जाते आणि आईबाबांपैकी जो आधी लोकलमधून उतरेल तो त्यांना घेऊन जातो. मधले तास माझे. या तासांत मुलं कशी असतात, कशाने बिनसतात, कशाने सावरतात हे मी वहीत टिपत आले. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे आहे, पण या विषयात ती वहीच मला जास्त उपयोगी पडली. बाहेर झालेलं संशोधन मिळेल तसं वाचत गेले. त्यातलं काही वहीशी जुळलं, काही जुळलं नाही.

दृश्य बहुतेक वाचकांच्या ओळखीचं असेल. दप्तर ठेव म्हटलं की दप्तर भिरकावलं जातं. केळं मधून मोडलं म्हणून भोकाड पसरलं जातं, आणि ते जोडून द्या असा हट्ट होतो. धाकट्याने पेन्सिलीला नुसता हात लावला तरी आदळआपट. निमित्त इतकं क्षुल्लक असतं की मोठ्यांना त्या निमित्ताचाच राग येतो : एवढ्याशा केळ्यावरून? पण रडू केळ्यासाठी नसतंच. केळं फक्त त्या वेळी हातात होतं.

आपल्या आज्यांना ही वेळ चांगली ठाऊक होती. तिन्हीसांजेला मूल किरकिरतं हे त्यांनी धरूनच चाललेलं असे, आणि त्यावरचं त्यांचं निदान म्हणजे दृष्ट. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन ओवाळायच्या आणि निखाऱ्यांवर टाकायच्या. दृष्टीवर माझा विश्वास नाही. पण उपचाराकडे नीट पाहा. मुलाला एका जागी बसवलं जातं. घरातलं एक मोठं माणूस हातातलं काम टाकून फक्त त्याच्याकडे बघतं. हालचाल संथ असते, शब्द दर वेळी तेच, आवाज खालचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोष मुलाच्या बाहेर ठेवला जातो. कुणाची तरी नजर लागलीय, मूल वाईट नाही. आज आपण दृष्ट काढणं सोडलं ते बरंच झालं, पण तिच्या जागी ‘लाडावलंय’ हे निदान आणलं, त्यात मूलही दोषी आणि आईही दोषी.

परदेशात या प्रकाराला अलीकडे एक नाव मिळालं आहे. कॅनडातल्या समुपदेशक आंद्रिया लोवेन नायर यांनी त्याला ‘आफ्टर-स्कूल रिस्ट्रेंट कोलॅप्स’ म्हटलं. मराठीत सांगायचं तर दिवसभर धरलेला बांध फुटणं. हे कुठल्याही आजाराचं नाव नव्हे आणि डॉक्टरांच्या निदानसूचीत ते नाही. पालकांना ओळख पटावी म्हणून दिलेलं नाव आहे आणि तेवढ्यापुरतं ते चांगलं आहे. शाळेत मूल काय काय धरून ठेवतं याची यादी केली तर थक्क व्हायला होतं : बोलणं, हसणं, शू, तहान, शेजारच्याने खोडरबर घेतलं त्याचा राग, बाईंनी दुसऱ्याला शाबासकी दिली त्याचं वाईट वाटणं. दिवसभर साहेबांपुढे ‘हो सर’ म्हणून आलेला बाप घरी येऊन रिमोट सापडत नाही म्हणून ओरडतो, त्याला आपण लाडावलेला म्हणत नाही. दमलाय म्हणतो.

या शब्दामागे शरीराची काही बाजू आहे का? आहे, पण ती सावधपणे वाचायला हवी. कॉर्टिसॉल हे संप्रेरक आपल्या शरीरात सकाळी उठल्यावर सर्वांत जास्त असतं आणि दिवस कलेल तसं उतरत जातं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मेगन गनर, सारा वाटामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांची लाळ तपासून असं पाहिलं, की घरी असलेल्या दिवशी हे संप्रेरक दुपारपर्यंत उतरतं, पण पूर्ण दिवस पाळणाघरात असलेल्या दोन-तीन वर्षांच्या बहुतेक मुलांत ते दुपारी उलट चढतं. वाटामुरा यांचा हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या, १९९९ मधल्या एका अभ्यासात तीन-चार वर्षांच्या मुलांत अशी चढ दिसली होती, सात-आठ वर्षांच्या मुलांत ती जवळजवळ नव्हती. पाळणाघर चालवणारीने हे छापून सांगावं याचं कुणाला नवल वाटेल, पण लपवण्यासारखं त्यात काही नाही. ही चढ म्हणजे इजा, असं संशोधकांनी म्हटलेलं नाही. त्यांचा अंदाज असा, की समवयस्कांच्या घोळक्यात तासन् तास राहणं हे लहान मुलाच्या दृष्टीने कष्टाचं काम आहे. माझ्या वहीतही तेच आहे. तीन-चार वर्षांची मुलं पाचच्या सुमाराला कोसळतात. आठ वर्षांची चिडतात, टोमणे मारतात, पण कोसळत नाहीत.

दुसरं एक स्पष्टीकरण मात्र मी वापरणं सोडलं आहे. ‘संयम ही टाकी आहे, दिवसभरात ती रिकामी होते’ असं पालकसभांत फार ऐकू येतं. ही कल्पना मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांच्या १९९८ मधल्या प्रयोगांवरून रुजली. पुढे २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर तसाच प्रयोग करून पाहिला, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. उपमा म्हणून टाकी सोयीची आहे, पण तिच्यावर विसंबून मुलाला ‘तुझी टाकी संपली’ म्हणण्यात अर्थ नाही. एवढं मात्र खात्रीने म्हणता येतं, की मूल भुकेलं, तहानलेलं, घामेजलेलं, झोप कमी झालेलं असतं आणि अशा अवस्थेत ते त्या माणसापाशी पोचतं ज्याच्यापुढे रडलं तरी चालतं.

हा शेवटचा भाग आयांना कुणी सांगत नाही. बाल्टिमोरमध्ये मेरी एन्सवर्थ यांनी वर्षभराच्या बाळांवर एक साधा प्रयोग केला होता. अनोळखी खोलीत आई बाळाला थोडा वेळ सोडून जाते आणि परत येते. ती गेल्यावर बाळ किती रडतं यापेक्षा ती परतल्यावर ते काय करतं, हे त्यांना जास्त बोलकं वाटलं. आईला बिलगून थोड्या वेळात शांत होणाऱ्या बाळाचं नातं त्यांनी सुरक्षित मानलं. ती आली तरी तोंड फिरवणाऱ्या बाळाबद्दल त्यांना शंका वाटली. वर्षाच्या बाळावरून पाच वर्षांच्या मुलाबद्दल थेट निष्कर्ष काढू नये हे मान्य. तरीही जी आई माझ्या दारात येऊन म्हणते, "काकू, तुमच्याकडे दिवसभर हसत असते आणि मला बघितलं की सुरू होते, मी इतकी वाईट आहे का?" तिला मी हा प्रयोग सांगते. तुला बघितल्यावर ती रडते, कारण तू आलीस.

आता आमच्या गावाबद्दल. मीरा-भाईंदर म्हणजे एकेकाळी मिठागरं, भातशेती आणि उत्तन-डोंगरीकडची कोळीवाडी. १९८५ मध्ये नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. २००१च्या जनगणनेत लोकसंख्या ५,२०,३८८ होती, २०११ मध्ये ८,०९,३७८. दहा वर्षांत जवळपास तीन लाख माणसं आली, ती मुख्यतः मुंबईत परवडणारं घर नाही म्हणून. म्हणजे घर इथे आणि नोकरी अंधेरीला, लोअर परळला, चर्चगेटला. आजी-आजोबा गावी, नाहीतर दुसऱ्या भावाकडे. चर्चगेटहून भाईंदरला जलद गाडीने यायलाही तासाभराच्या आसपास लागतो, त्यात दोन्ही टोकांचं चालणं, रिक्षाची रांग आणि पहिली गाडी सोडून दुसरीत चढणं धरा. सहाला ऑफिसातून निघालेली आई माझ्या दारात पावणेआठच्या आत क्वचित दिसते.

याच्या दुसऱ्या टोकाला शाळेची वेळ. जागा कमी आणि मुलं जास्त म्हणून इथल्या अनेक शाळा दोन अधिवेशनांत भरतात. सकाळचं मूल सातच्या शाळेसाठी साडेपाच-सहाला उठतं. दुपारचं मूल संध्याकाळी सहाला सुटतं आणि त्याआधी सकाळी शिकवणीला जाऊन आलेलं असतं. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून शाळांच्या वेळा बदलाव्यात असं सुचवलं आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतरच भरवावेत असा आदेश काढला. चांगला आदेश. पण शाळा दोन अधिवेशनांची असेल तर सकाळचं अधिवेशन पुढे ढकलल्यावर दुपारचं कुठे जाणार, हा प्रश्न इमारतीचा आहे. शिवाय व्हॅनचा फेरा आणि आईची गाडी यांच्या वेळा आदेशाने बदलत नाहीत. माझ्याकडच्या दोन घरांत शाळा नऊची झाली, पण आईला आठची गाडी पकडायची म्हणून मूल उठतं पूर्वीच्याच वेळेला आणि शेजाऱ्यांकडे बसून राहतं.

झोपेचा हिशोब घरोघर करून पाहावा. आई आठला घरी, जेवण साडेनऊला, बाबा दहाला येतात तेव्हा मूल पुन्हा उड्या मारायला लागतं, झोप अकराला. सकाळी सहाला उठवणं. झाले सात तास. अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीने २०१६ मध्ये दिलेलं प्रमाण तीन ते पाच वर्षांसाठी दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांसाठी ९ ते १२ तास आहे. या कमतरतेचा मनःस्थितीशी संबंध किती थेट आहे याचा एक सुंदर प्रयोग मॉन्ट्रियलच्या रूट ग्रुबर यांनी केला. सात ते अकरा वर्षांची ३४ मुलं. काहींना पाच रात्री नेहमीपेक्षा जास्त झोपू दिलं, काहींना कमी. जास्तीची झोप सरासरी फक्त २७ मिनिटं भरली. कुठलं मूल कुठल्या गटात आहे हे शिक्षकांना सांगितलेलं नव्हतं, तरी जास्त झोपलेली मुलं कमी चिडचिडी, कमी अस्वस्थ झाल्याचं त्यांनी नोंदवलं; कमी झोपलेल्यांचं उलट. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सात तास झोपणाऱ्या मुलाला एकदम दहा तास झोपवणं आमच्या गावात शक्य नाही हे मला कळतं. पण अर्धा तास शक्य आहे, आणि तो बहुधा बाबांच्या येण्याच्या वेळी सापडतो. बाबांनी दहाला येऊन खेळ मांडण्याऐवजी सकाळी मुलाला स्टॉपवर सोडावं. हे सांगितल्यावर दोन बाबा माझ्यावर नाराज झाले, एकाने ऐकलं.

पाळणाघरात मूल आलं की आम्ही काय करतो ते सांगते. क्रम महत्त्वाचा आहे. आधी शू. शाळेतल्या संडासात जायला मुलं नकार देतात, विशेषतः मुली, आणि जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. पाण्याची बाटली सकाळी भरून दिलेली तशीच परत येते. चार वाजता ओरडणारं मूल कितीदा तरी केवळ शू कोंडलेलं असतं. मग हातपाय धुणं, घामाचा गणवेश आणि मोजे काढणं, पाणी, आणि मग खाणं. खाणं तयार हवं, "काय खाशील?" हा प्रश्न त्या वेळी नको, कारण निवड करणं हेही कामच आहे. गूळ-शेंगदाणे, पोळीचा लाडू, केळं, मुरमुऱ्यांचा चिवडा, थालीपिठाचा तुकडा. मधल्या सुट्टीचा डबा अर्धा परत आला असेल तर त्यावरून त्या वेळी बोलणं नाही.

हे फार थोर काही नाही याची मला जाणीव आहे. पण आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा दिवसाची सुरुवात अक्षरांनी झाली नव्हती, मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं यांनी झाली होती. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर चालणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडला गेल्या. आधी शरीर, मग बाकीचं, हा क्रम त्यांनी आदिवासी पाड्यांवर शिकून घेतला. तो सातव्या मजल्यावरच्या वन-बीएचकेतही तसाच लागू पडतो. फरक इतकाच की आता अंगण मुलापाशी येत नाही, मूलच दिवसाकाठी तीन ठिकाणी नेलं जातं.

खाऊन होईपर्यंत आम्ही प्रश्न विचारत नाही. "आज शाळेत काय झालं?" हा पालकांचा सर्वांत प्रेमळ प्रश्न आहे आणि त्याचं सर्वांत ठरलेलं उत्तर "काही नाही" हे आहे. पालक दुखावतात. पण मुलाच्या बाजूने बघा. सकाळपासून त्याला प्रश्नच विचारले गेले आहेत, प्रत्येकाचं उत्तर बरोबर किंवा चूक होतं, आणि आता घरीही पाच तासांचा गोषवारा मागितला जातो आहे. अर्धा-पाऊण तास थांबलं की गोष्टी आपोआप यायला लागतात, आणि त्या बहुतेक वेळा हातांना काम असताना येतात. मटार सोलताना, कणकेचा गोळा मळताना, लसूण पाकळ्या वेगळ्या करताना. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत मुलं बोलत नाहीत, शेजारी बसून बोलतात. मोठ्यांनाही हे लोकलच्या डब्यात अनुभवाला येतं.

काही मुलांना गप्प बसायचं नसतं, त्यांना अंग मोकळं करायचं असतं. त्यांना मी जिने चढउतार करायला लावते, पाण्याची छोटी बादली उचलू देते, गाद्या ओढायला सांगते. ओझं उचलल्याने मुलं शांत होतात असं उपचारतज्ज्ञ सांगतात. त्यामागचा पुरावा अजून कच्चा आहे, पण बादली उचलणाऱ्या मुलाचं कुणी नुकसान झालेलं नाही आणि माझी बाग ओली राहते.

मोबाइलबद्दल लिहिणं भाग आहे, कारण पाच वाजता रडणाऱ्या मुलाला गप्प करण्याचं याहून झटपट साधन दुसरं नाही. आणि ते काम करतं; नाही करत असं म्हणणारे खोटं बोलतात. मिशिगन विद्यापीठातल्या जेनी रॅडेस्की आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या ४२२ मुलांच्या पालकांकडून काही महिने माहिती घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की मूल चिडलं की उपकरण हातात देण्याची सवय जितकी जास्त, तितकी पुढे त्या मुलांची भावनिक उसळी जास्त, आणि हे मुलग्यांत व मुळातच तापट मुलांत ठळक दिसलं. एका गोष्टीकडे लक्ष वेधायला हवं : प्रश्न मोबाइल किती वेळ बघितला हा नव्हता, कशासाठी दिला हा होता. जेवणानंतर सगळ्यांनी मिळून बघितलेलं कार्टून आणि रडू आलं म्हणून कोंबलेला फोन यांत मी फरक करते. दुसऱ्यात मूल एवढंच शिकतं की वाईट वाटलं की कुणीतरी फोन देतं. थकलेल्या आईने आठवड्यातून एखादे दिवशी फोन दिला तर त्याने काही बिघडत नाही, हेही सांगून टाकते.

आता शब्दांकडे येते, कारण तिथे आपल्या भाषेचं काही काम आहे. कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ मध्ये मेंदूचं चित्रण करून दाखवलं, की चेहऱ्यावरची भावना पाहून तिला नुसतं शब्दात नाव दिलं तरी भीती-रागाशी संबंधित अमिग्डला या भागाची हालचाल मंदावते. प्रयोग मोठ्यांवरचा होता. पण मुलाला भावनेचं नाव पुरवणं ही गोष्ट त्याआधीही चांगल्या आया करतच आल्या आहेत. माझी अडचण वेगळी आहे. माझ्याकडची बहुतेक मराठी मुलं इंग्रजी शाळेत जातात, आपापसात हिंदी बोलतात, आणि त्यांच्याकडे भावनांचे तीनच शब्द उरले आहेत : सॅड, अँग्री आणि बोअर. आणि मराठीत पाहा. खेळायला घेतलं नाही म्हणून मूल हिरमुसतं. हवं ते मिळालं नाही की फुरंगटतं. कुणीतरी समजूत काढावी अशी आशा असते तेव्हा रुसतं. आशा नसेल तर ते रुसणं नव्हे. ठरलेली सहल रद्द झाली की हिरमोड होतो. अनोळखी माणसापुढे बुजतं, एकदम प्रश्न आला की गांगरतं, गर्दीत हात सुटला की बावरतं. तेच तेच झालं की वैतागतं. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या उपायाकडे बोट दाखवतो. रुसलेल्याची समजूत काढायची असते, वैतागलेल्याला एकटं सोडायचं असतं, बावरलेल्याला जवळ घ्यायचं असतं. ‘सॅड’ म्हटल्यावर यातलं काय करायचं?

म्हणून मी हे शब्द मुद्दाम वापरते. पण भडका उडालेला असताना नाही, तेव्हा शब्द पोचत नाहीत, उलट "तू रुसलायस का?" याला "नाSSही" एवढंच उत्तर येतं. मूल शांत झाल्यावर, बहुधा दुसऱ्या दिवशी खाताना : काल तू हिरमुसला होतास ना, बाईंनी तुझं चित्र भिंतीवर लावलं नाही म्हणून? कधी अंदाज चुकतो आणि मूलच दुरुस्त करतं. पाच वर्षांच्या एका मुलीने मला सांगितलं होतं, "हिरमुसले नव्हते काकू, मला राग आला होता, पण तो आतल्या आत होता." तिच्या गुजराती मैत्रिणीलाही आता हिरमुसणं हा शब्द येतो आणि ती तो वाटेल तिथे वापरते.

संध्याकाळचा दुसरा भडका आई दारात आल्यावरचा. माझ्याकडे सावरलेलं मूल तिला पाहताच पुन्हा बिनसतं. आईला एकीकडे घरी जाऊन कुकर लावायचा असतो, दुसरीकडे मी आणि शेजारच्या दोन बायका बघत असतो. अशा वेळी ती ओरडते ती मुलावर नव्हे, बघणाऱ्यांसाठी. आम्ही इतकाच बदल केला : दारात उभ्याने मूल सोपवायचं नाही. आई आत येते, दहा मिनिटं बसते, तिलाही पाणी आणि खाऊ देतो, मूल तिच्या मांडीवर नुसतं पडून राहतं. दिवसभराच्या तक्रारी मी त्या वेळी सांगत नाही. सांगण्यासारखं असेल तर रात्री फोन करते. दहा मिनिटं ज्यांना जड वाटली त्या आयांनीच नंतर सांगितलं की घरी गेल्यावरचा तासाभराचा तमाशा टळतो. सगळ्यांच्या बाबतीत टळत नाही. काही मुलं मुळात तापट असतात आणि काही घरांत दारामागे वेगळी भांडणं असतात.

नोकरी सोडायला निघालेल्या बाया मी दर वर्षी बघते. कारण विचारलं तर "मुलाला माझी गरज आहे, बघा ना कसा वागतो" असं येतं. कुणी सोडावी, कुणी सोडू नये हे मी सांगत नाही, कर्जाचे हप्ते माझे नसतात. पण संध्याकाळच्या रडण्याचा पुरावा देऊन ती सोडायला लावणं मला मान्य नाही. घरी असलेल्या आईचं मूलही शाळेतून आल्यावर असंच रडतं, फक्त ते चार वाजता रडतं आणि त्याला कुणी नोकरीचा दोष देत नाही.

मात्र प्रत्येक चिडचिड ही दमण्याची असते असं समजून गाफील राहू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, तेव्हा माझ्याकडचे सगळे पालक हादरले होते आणि प्रत्येक रडण्यात तेच शोधू लागले होते. फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. दमल्याचं रडू खाणं, विसावा, झोप यांनी उतरतं आणि सुट्टीच्या दिवशी नसतं. जे उतरत नाही, आठवडे चालतं, त्याकडे बघा. अंथरुणात शू बंद झालेली असताना पुन्हा सुरू होणं, रविवारी रात्री पोट दुखणं, एखाद्या ठरावीक माणसाचं किंवा व्हॅनचं नाव काढताच गप्प होणं, कपडे बदलू न देणं, आवडता खेळ टाकून देणं. कारण नेहमीच भयंकर असतं असं नाही. कधी ते वाचता न येणं असतं, कधी ऐकू कमी येणं, कधी वर्गातलं चिडवणं. पण शोधलं पाहिजे, आणि शोधताना मुलाची उलटतपासणी करायची नाही. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानसची १४४१६ ही सेवा विनामूल्य आहेत. दोन्ही नंबर मी दाराच्या आतल्या बाजूला लावले आहेत.

एक गोष्ट उरते, ती घराघरांत सुटणारी नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. अंधेरीच्या ऑफिसात पाळणाघर असलं तरी भाईंदरहून सकाळच्या गाडीत तीन वर्षांचं मूल घेऊन चढून दाखवावं. सरकारच्या पाळणा योजनेतली पाळणाघरं सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. सहा ते दहा वर्षांचं मूल, जे शाळेत जातं पण घरी एकटं राहू शकत नाही, ते कुठल्याच योजनेत बसत नाही. बायकांच्या प्रवासासाठी रेल्वेने १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सोडली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. त्या गाडीने बायका कामाला गेल्या. त्यांची मुलं तीन ते आठ कुठे बसतात हे तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. ती बसतात शेजाऱ्यांकडे, शिकवणीत, किल्ली गळ्यात अडकवून जिन्यात, किंवा माझ्यासारखीकडे, जिथे महिन्याचे पैसे मोजावे लागतात आणि ते सगळ्यांना परवडत नाहीत.

आमच्या महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू माध्यमांत चालतात. त्यांतल्या ज्या इमारतींत दुपारनंतर एखादी खोली मोकळी असते, तिथे प्रत्येक विभागात एक शाळेनंतरची खोली चालवायला फार काही लागत नाही : पाण्याचा नळ, कडी असलेला स्वच्छ संडास, चटया, शेंगदाण्या-मुरमुऱ्यांचे डबे, नोंदणी करून नेमलेल्या दोन बायका आणि रात्री आठपर्यंतचा दिवा. शिकवणी नको, गृहपाठ नको; त्यासाठी जागा पुष्कळ आहेत. हा प्रस्ताव मी आणि पाळणाघर चालवणाऱ्या आणखी तिघीजणी मिळून लिहितो आहोत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की, पहिल्या आठवड्यातलं रडू ओसरल्यावर, तो नेऊन द्यायचा आहे.